तपशील आधी की इमारत आधी? तिसऱ्या वर्षाच्या डिझाइन स्टुडिओतील एक अडचण

माजघर :

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका वास्तुकला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ शिकवते. गेल्या सत्राच्या शेवटच्या ज्युरीतला (विद्यार्थ्यांच्या कामाच्या परीक्षणातला) एक प्रसंग अजून मनातून जात नाही, म्हणून येथील जाणकारांपुढे तो ठेवत आहे.

विषय होता तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालय. एका विद्यार्थिनीने वाचनकक्षावर मध्ये खोलगट आणि दोन्ही कडांना वर उचललेले छप्पर योजले होते. कल्पना चांगली होती. उत्तरेकडची उचललेली कड भरपूर उजेड आत घेत होती, दक्षिणेकडची कड रस्त्यावरच्या वडाच्या फांद्यांना वाट करून देत होती, आणि मॉडेलही तिने मन लावून केले होते. शेवटच्या शीटवर रिवाजाप्रमाणे छपराचा १:१० प्रमाणातला तपशील होता : वळचणीला लावलेली पन्हळ, तिला धरणारे लोखंडी ब्रॅकेट, पन्हळीतून खाली उतरणारा पाइप. रेखाटन निर्दोष होते. अडचण एवढीच, की तिच्या छपराला वळचण नव्हतीच. पाणी येणार होते मधल्या खोलगट भागात आणि पन्हळ लावली होती वर उचललेल्या कडेला. एकाच मुलीच्या दोन शीटवर दोन निरनिराळ्या इमारती होत्या आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. खरे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे ज्युरीत बसलेल्या आम्हा तिघांनाही तो नव्हता.

यात दोष तिचा कमी आणि आमच्या शिकवण्याच्या क्रमाचा जास्त, असे मला वाटते. आधी संकल्पना, मग प्लॅन, मग सेक्शन (इमारतीचा उभा छेद), मग दर्शनी बाजू, आणि सत्राचे दोन आठवडे उरले की ‘आता डिटेल्स घाला’. बांधकाम हा विषय वेगळा, त्याचे शिक्षक वेगळे, त्याच्या शीटही वेगळ्या. मुले साहजिकच असे समजतात की इमारत एकदा ठरली की तपशील म्हणजे तिच्यावर चढवायचे दागिने.

याच्या उलटही मी दोन वर्षांपूर्वी करून पाहिले. सत्राच्या आरंभी तीन आठवडे प्रत्येकाने खिडकीलगतची बसायची एकच जागा १:५ प्रमाणात आखायची आणि पुढची सगळी इमारत त्या खिडकीतून वाढवायची, असा तो प्रयोग होता. खिडक्या फार सुंदर झाल्या. मात्र इमारती त्या खिडक्या मांडून ठेवायच्या कपाटांसारख्या झाल्या.

म्हणून प्रश्न असा, की लहान तपशील आणि संपूर्ण इमारत यांचे नाते विद्यार्थ्यांना नेमके कशातून शिकवावे? इमारतीत तपशील शेकडो असतात, त्यांतला कोणता निवडावा, आणि तो सत्राच्या कोणत्या टप्प्यावर आणावा?

पागोळी :

माजघर, तुमच्या विद्यार्थिनीचे छप्पर मला आवडले, म्हणून आधी त्याच्याकडेच वळतो. मी कोकणात प्रॅक्टिस करतो आणि माझी निम्मी बुद्धी पाण्यात खर्च होते, हे आधीच कबूल करतो.

समजा, तिचा वाचनकक्ष १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. म्हणजे छपराचे क्षेत्र ९६ चौरस मीटर. एका तासात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्याकडे तो होतो, तर त्या एका तासात मधल्या खोलगट भागात साडेनऊ हजार लिटरहून जास्त पाणी येणार. ते वाहून जायला पन्हळीला उतार हवा. १:१०० उतार धरला आणि पाणी एकाच टोकाला काढले, तर १२ मीटरमध्ये पन्हळ १२ सेंटिमीटर खाली जाते; दोन्ही टोकांना काढले तर सहा सेंटिमीटरवर भागते, पण मग उतरणारे पाइप दोन लागतात आणि त्यांतला एक बहुधा प्रवेशदारापाशी येतो. त्या १२ सेंटिमीटरमध्ये पन्हळीची स्वतःची खोली मिळवा, तुंबल्यावर पाणी बाहेर सांडायला ठेवायची जागा मिळवा, खालच्या तुळईची जाडी मिळवा. वाचनकक्षाची मधली उंची, जी तिने मॉडेलमध्ये पुठ्ठ्याच्या एका घडीने दाखवली असेल, ती या बेरजेनंतर किती उरते? आणि त्या उंचीखाली पुस्तकांच्या मांडण्या ठेवायच्या की माणसे बसवायची? म्हणजे पन्हळीचा तपशील काढता काढता ती वाचनकक्षाच्या आतल्या मांडणीपर्यंत, प्रवेशदाराच्या जागेपर्यंत आणि उत्तरेच्या उजेडापर्यंत पोहोचली असती. तिने हस्तपुस्तिकेतली पन्हळ उतरवून घेतली, त्यामुळे हा प्रवास तिच्याकडून राहून गेला.

माझ्या मते निवडायचा तपशील असा असावा, की तो बदलला तर प्लॅन बदलावा लागेल. दाराची मूठ बदलली तर प्लॅन बदलत नाही, आणि बहुतेक इमारतींत जिन्याच्या कठड्याची जाळी बदलल्यानेही बदलत नाही. खोलगट छपराची पन्हळ बदलली, की बदलतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला अहमदाबादला साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयात दिसते. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांचे हे सुरुवातीच्या काळातले काम, १९६३ साली पूर्ण झालेले. सहा मीटर बाय सहा मीटरचे एकक, कोपऱ्यांवर विटांचे खांब, वर कौलारू छप्पर, खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा. आता दोन एककांच्या मधोमध जी काँक्रीटची तुळई आहे तिच्याकडे पाहावे. ती भरीव नाही, पन्हळीच्या आकाराची आहे. छपराचा भार तीच पेलते आणि छपरावरचे पाणीही तीच वाहून नेते. पुढेमागे शेजारी आणखी एक एकक जोडायचे झाले, तर नव्या छपराची कडही त्याच तुळईवर टेकू शकते. एका तुळईच्या आडव्या छेदात भार, पाणी आणि उद्याची वाढ अशा तिन्ही गोष्टी सामावल्या आहेत. काही एकके भिंतींनी बंद केलेली, काही नुसती छपराखाली मोकळी, काही पूर्ण उघडी आणि एकात पाण्याचे कुंड, अशी जी मोकळी विखुरलेली मांडणी आपण प्लॅनमध्ये पाहतो, ती त्या तुळईमुळे शक्य होते. तुळई भरीव असती आणि पाणी वळचणींवरून खाली सोडायचे असते, तर आतल्या प्रत्येक अंगणाच्या कडेला पाण्याचे पडदे लागले असते.

आधी तुळई सुचली की आधी मांडणी, हे मला ठाऊक नाही आणि तो प्रश्न फारसा उपयोगाचाही वाटत नाही. विद्यार्थ्यांना मात्र एवढे करायला जरूर सांगावे : त्या तुळईच्या जागी साधी आयताकृती तुळई काढा आणि प्लॅनचे काय होते ते पाहा. तासाभराचा स्वाध्याय आहे.

मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला किंवा मरीन ड्राइव्हला गेलात तर तेथील आर्ट डेको (१९३०च्या दशकात गाजलेल्या शैलीच्या) इमारतींचे छज्जेही पाहून या. खिडकीवरचे ऊन-पाऊस अडवणारी ती साधी सोय, पण ती सलग पट्टीसारखी कोपऱ्यावरून वळवल्यामुळे इमारतीचा, आणि पुढे सगळ्या रस्त्याचा, चेहरा ठरला. मात्र त्या छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, पाणी तोडणारी खाच नसेल, तर त्याच चेहऱ्यावर दोन पावसाळ्यांत काळे ओघळ येतात. ती खाच माझ्या पहिल्या स्वतंत्र कामात राहून गेली होती. घरमालक आजही भेटले की आधी वर पाहतात आणि मग माझ्याकडे.

ओसरी :

पागोळी यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण त्यांनी सगळे पाण्यावर नेले. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करते, त्यामुळे मला दुसरी बाजू दिसते. ती लाकडाची.

आपल्याकडे वाड्याचे माप पूर्वी फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. ‘पाच खणांचा सोपा’ (सोपा म्हणजे घराचा पुढचा उघडा भाग) म्हटले की ऐकणाऱ्याला लांबी कळायची, खांब किती ते कळायचे आणि घर कोणाच्या ऐपतीचे असेल याचाही अंदाज यायचा. हा खण कोठून येतो? बाजारात सरळ आणि पुरेशा जाडीचे लाकूड किती लांबीचे मिळते, त्याची तुळई किती अंतरापर्यंत न वाकता टिकते, आणि तिच्यावर कड्या (आडवी बारीक लाकडे), कड्यांवर फळ्या किंवा किलच (लाकडाच्या चिपा) आणि वर मातीची भर असा सगळा जडभार आला, की सुतार किती अंतराला मान डोलावतो, यावरून. म्हणजे खांबाच्या डोक्यावर तुळई जेथे टेकते तेथला सांधा हा एका अर्थाने सगळ्या वाड्याचा जन्मदाखला आहे. त्या सांध्याने खण ठरवला, खणाने ओसरीची खोली ठरवली, ओसरी चारी बाजूंनी फिरली की मध्ये उरलेल्या चौकाचे माप ठरले, आणि चौकाच्या मापाने माजघरात दुपारी किती उजेड येणार हे ठरले. (धागाकर्तीच्या नावाला यामुळे थोडा न्याय मिळाला असावा.)

आता त्याच खांबाच्या पायाशी या. लाकडी खांब थेट जोत्यावर उभा करत नाहीत. खाली दगडी तळखडा असतो. जमिनीतली ओल लाकडात चढू नये म्हणून केलेली ती सोय आहे. तळखडा काढून टाकला तर प्लॅनवर एक रेघही बदलत नाही, म्हणजे पागोळी यांच्या कसोटीला हा तपशील उतरत नाही. पण काही वर्षांनी खांबाचा पाय कुजतो, खांब बसतो, तुळई तिरकी होते आणि वरच्या मजल्याची जमीन एका कोपऱ्याकडे उतरू लागते. मी दुरुस्तीला घेतलेल्या एका वाड्यात आधीच्या कोणी तरी फरशी बसवताना जमिनीची पातळी इतकी उचलली होती, की तळखडे फरशीखाली गडप झाले होते. फरशी पुसल्याचे पाणी रोज थेट लाकडात जात होते. वरच्या मजल्यावरची दारे लागत का नाहीत, या तक्रारीवरून मला बोलावले होते. उत्तर तळमजल्याच्या फरशीत सापडले.

म्हणून मी कसोटीला एक जोड सुचवते : तो तपशील बदलला तर आजचा प्लॅन बदलतो का, हे विचारावेच, पण वीस वर्षांनंतरची इमारत बदलते का, हेही विचारावे. स्टुडिओत काळ शिकवणे अवघड असते, कारण ज्युरीच्या दिवशी प्रत्येक इमारत नवी कोरी असते.

आणखी एक नाते आहे, त्याचा उल्लेख अद्याप कोणी केलेला नाही. सिन्नरचे गोंदेश्वराचे मंदिर विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे. यादवकाळातले, भूमिज शैलीचे. त्याच्या शिखरावर चारी दिशांना वर जाणारे चार उभे पट्टे आहेत आणि त्यांच्या मधल्या चतकोरांत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेल्या आहेत. प्रत्येक लहान शिखर मोठ्या शिखराची छोटी आवृत्ती आहे. येथे तपशील संपूर्णाला घडवतो असे म्हणता येत नाही आणि संपूर्ण तपशिलाला घडवते असेही म्हणता येत नाही; दोन्ही एकाच आकृतीची दोन मापे आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे, तेही याच कुळातले, पण त्याचा वरचा भाग ढासळलेला असल्याने ही चढती रचना सिन्नरला जास्त नीट समजते.

विद्यार्थी ही दोन नाती एकमेकांत मिसळतात, असा माझा अनुभव आहे. खणाचे नाते गरजेचे आहे, शिखराचे नाते साम्याचे. प्लॅनमध्ये त्रिकोण आहे म्हणून दाराच्या मुठीलाही त्रिकोण, असे जे स्टुडिओत पाहायला मिळते, ते शिखराचे नाते आहे असे मुलांना वाटते. पण सिन्नरला त्या साम्यामागे एक पूर्ण विचारव्यवस्था आणि पिढ्यांची कारागिरी होती, त्रिकोणी मुठीमागे बहुतेक वेळा फक्त शेवटची रात्र असते.

रेषेबाहेर :

सर्व प्रतिसाद आवडले, तरीही विरोधी सूर लावतो. कोणी तरी लावायला हवा.

‘तपशिलातून संपूर्णाकडे’ ही कल्पना शिक्षकांना फार गोड वाटते, कारण तपशील तपासता येतो. पन्हळ चुकली हे लाल पेनाने दाखवता येते. शाळेच्या इमारतीतले सगळे वर्ग पश्चिमेला तोंड करून बसवले, हे चुकले आहे असे सांगायला जास्त वेळ आणि जास्त धैर्य लागते. वसतिगृहाचा जिना कोठे असावा, आग लागली तर मुले कोणत्या बाजूने बाहेर पडतील, सार्वजनिक दवाखान्यात आजारी माणूस आणि त्याच्याबरोबर आलेले चार नातेवाईक कोठे थांबतील, हे निर्णय कोणत्याही सांध्यातून उगवत नाहीत. ते १:५०० आणि १:२०० या प्रमाणांतच घ्यावे लागतात. माजघर यांच्या खिडक्यांचे जे झाले ते अपघाताने झाले नाही. खिडकीतून वाचनालय वाढत नाही, वाढली तर दुसरी खिडकी वाढते.

दुसरी गोष्ट भक्तीची. दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी इटालियन वास्तुकार कार्लो स्कार्पा यांच्या कामाची छायाचित्रे घेऊन येतात. व्हेरोनाच्या कास्तेलवेक्किओ संग्रहालयात फरशी भिंतीला चिकटत नाही, मध्ये बारीक फट ठेवली आहे, ती फट त्यांना मोहवते आणि मग त्यांच्या प्रत्येक इमारतीत फरशी भिंतीपासून सुटी होते, प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा, जेथे त्या फटीत पहिल्याच आठवड्यात इंजेक्शनच्या सुया जातील. मात्र १९६४ साली पुन्हा खुल्या झालेल्या त्या संग्रहालयातला सर्वांत मोठा निर्णय फटीचा नव्हता. नेपोलियनच्या काळात किल्ल्यात बांधलेल्या बराकीचे शेवटचे दालन स्कार्पा यांनी पाडले. ते पाडल्यामुळे जुनी तटबंदी आणि नंतरची इमारत यांच्यामध्ये मोकळी पोकळी मिळाली, आणि त्या पोकळीत, काँक्रीटच्या पुढे आलेल्या आधारावर, व्हेरोनाचा मध्ययुगीन शासक कांग्रांदे याचा घोडेस्वार पुतळा उभा राहिला. खालून, समोरून, वरच्या पुलावरून, येताजाता तो पुन्हा पुन्हा दिसतो. काँक्रीटचा तो आधार अप्रतिम आहे, पण आधी पाडकाम, मग आधार. हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही, कारण पाडलेल्या दालनाचे छायाचित्र पुस्तकात सुंदर दिसत नाही.

आणि तपशील नेहमी खरे बोलतो असेही कोणी समजू नये. आधुनिक वास्तुकार मीस व्हान डेर रोह यांनी शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील अॅल्युम्नाय मेमोरियल हॉलच्या कोपऱ्यावर जे पोलादी उभे तुकडे लावले आहेत, ते भार पेलणारे खांब नव्हेत. खरा खांब आगीपासून बचाव म्हणून काँक्रीटमध्ये गुंडाळून आत दडवलेला आहे. बाहेरचे पोलाद जमिनीपर्यंत येतही नाही, थोडे वरच थांबते आणि खाली विटा दिसतात. जणू ‘मी खांब नाही’ अशी त्याने स्वतःच दिलेली कबुली. हा तपशील बांधकामाबद्दल जितके सांगतो त्याहून अधिक मीस यांच्या विचाराबद्दल सांगतो. म्हणजे त्याच्याही आधी काही तरी संपूर्ण ठरलेले होते.

शेवटी बाउहाउस या जर्मन कलाशाळेचा दाखला देतो, कारण ‘हाताने काम करत इमारतीपर्यंत पोहोचा’ म्हणणारे सगळे तिकडे बोट दाखवतात. १९१९ च्या जाहीरनाम्यात सर्व कलांचे अंतिम ध्येय इमारत असे लिहिले होते. चहाची किटली, खुर्ची, विणलेले कापड सगळे झाले. वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग मात्र १९२७ साली, हानेस मायर यांच्या हाताखाली, सुरू झाला. आठ वर्षे! वाट लांब निघाली.

चौथेवर्ष :

मी विद्यार्थी आहे, त्यामुळे मोठ्यांच्या चर्चेत थोडक्यात लिहितो.

मॅडम, आम्ही आयता तपशील का उतरवतो याचे एक कारण संगणकाचा पडदा हे आहे, असे मला वाटते. कागदावर १:१०० काढताना पेनाच्या रेघेची जाडी आड येते, त्यामुळे काय काढायचे आणि काय सोडायचे हे ठरवावेच लागते. पडद्यावर प्रमाण नसतेच. चाक फिरवले की सगळी वसाहत दिसते, आणखी फिरवले की स्क्रूचे डोके दिसते, आणि दोन्ही आपण एकाच निवांतपणे काढत राहतो. खिडकीचा तयार ब्लॉक टाकला की त्यात चौकट, काच, रबराची पट्टी सगळे असते, पण ते मी ठरवलेले नसते. आपण कोणत्या मापावर निर्णय घेत आहोत हेच कळेनासे होते.

दुसरी गोष्ट, अहमदाबादच्या अभ्यासदौऱ्यात आम्ही भारतीय व्यवस्थापन संस्थेची, अमेरिकन वास्तुकार लुई कान यांची इमारत पाहिली. रुंद, चपट्या विटांच्या कमानी आणि त्यांच्या पायथ्याला काँक्रीटचा आडवा पट्टा. आम्ही सगळ्यांनी ‘दर्शनी बाजूची रचना’ म्हणून त्याचे फोटो काढले. परत आल्यावर स्ट्रक्चरच्या सरांनी सांगितले, की कमान जितकी चपटी तितकी ती पाय बाहेर ढकलते आणि तो पट्टा ते पाय बांधून धरतो; म्हणून एवढी रुंद उघडी जागा विटांत मिळाली. तेच फोटो त्यानंतर पुन्हा पाहिले तर वेगळीच इमारत दिसली. हे डिझाइनच्या तासाला कळले असते तर बरे झाले असते, कारण स्ट्रक्चरच्या तासाला आम्ही गुणांचा विचार करत असतो.

माजघर :

सर्वांचे मनापासून आभार. मी येथे एक बाजू घेऊन आले नव्हते, पण आता थोडी घेते.

रेषेबाहेर, तुमचा आक्षेप मान्य आहे. जिना आणि दिशा यांचे निर्णय सांध्यातून येत नाहीत. खिडकीच्या प्रयोगात माझी चूक कोठे झाली तेही तुमच्यामुळे स्पष्ट झाले. मी तपशील आधी दिला हे चुकले नव्हते, मी असा तपशील दिला ज्याच्यावर इमारतीचे कोणतेच ओझे नव्हते. बसायची जागा कोठेही बसवता येते. मात्र कास्तेलवेक्किओबद्दल मी थोडी भांडेन. पाडकाम आधी झाले हे खरे, पण किती पाडायचे, हा प्रश्न तेथे पुतळा कोठे आणि कसा उभा राहणार या प्रश्नापासून वेगळा काढता येईल असे मला वाटत नाही. आधार आणि पोकळी एकमेकांना मोजत मोजत ठरली असणार. निदान शिकवताना तरी मी ते तसेच मांडेन.

चौथेवर्ष, पडद्याला प्रमाण नसते हे तुझे निरीक्षण मी पुढच्या सत्रात जसेच्या तसे वापरणार आहे.

ओसरी, तुमच्या प्रतिसादावरून मला पॅरिसच्या एकोल दे बोझार या जुन्या कलाविद्यालयाच्या परंपरेतला एक स्वाध्याय आठवला. त्यात नवशिक्या विद्यार्थ्याला एकाच मोठ्या कागदावर लहान प्रमाणात संपूर्ण दर्शनी बाजू आणि तिच्या भोवती मोठ्या प्रमाणात स्तंभशीर्ष, कंगोरे, तळखडे असे भाग एकत्र रचावे लागत. तो कागद शास्त्रीय शैलीच्या अभ्यासासाठी होता आणि त्याची आज नक्कल करण्यात अर्थ नाही, पण ‘एकच कागद’ ही अट मला मोलाची वाटते. माझ्या विद्यार्थिनीच्या दोन इमारती दोन शीटवर होत्या म्हणून तर लपल्या.

म्हणून येत्या सत्रात असे करण्याचा विचार आहे. चौथ्या आठवड्यात, म्हणजे प्लॅन अजून कच्चा असताना, प्रत्येकाने ए-वन आकाराच्या एका कागदावर हाताने तीन गोष्टी काढायच्या : १:१०० प्रमाणात इमारतीचा पूर्ण सेक्शन, त्याच्या शेजारी १:२० प्रमाणात जमिनीपासून छपरापर्यंत भिंतीची एकच पट्टी, आणि त्या पट्टीतला एक सांधा १:५ प्रमाणात. छपरावर पडलेल्या पावसाच्या थेंबाची वाट निळ्या पेन्सिलीने काढायची आणि ती तिन्ही चित्रांत न तुटता एकच राहिली पाहिजे. छपराच्या भाराची वाट तांबड्या पेन्सिलीने, तीही तशीच. सांधा कोणता निवडायचा ते विद्यार्थ्याने ठरवायचे, पण तो बदलला तर १:१०० च्या सेक्शनमध्ये काय बदलेल, हे एका वाक्यात खाली लिहायचे. ते वाक्य लिहिता आले नाही तर सांधा चुकीचा निवडला. सातव्या आणि अकराव्या आठवड्यात हाच कागद पुन्हा, नव्याने. बांधकाम शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना मी तिन्ही वेळा स्टुडिओत बसायची विनंती केली आहे, आणि त्यांनी ‘चहा मिळणार असेल तर’ या अटीवर होकार दिला आहे.

रेषेबाहेर :

अट मान्य, फक्त तिसरी रेघ घाला : माणसाची. व्हीलचेअरवरचा वाचक रस्त्यापासून टेबलापर्यंत कसा येतो, ही रेघ हिरव्या पेन्सिलीने. सेक्शनमध्ये ती उंबऱ्यापाशी अडखळते की नाही ते लगेच दिसेल, आणि उंबरा हा तपशील आहे की प्लॅन, यावर ज्युरीत भांडायला आम्ही येऊ.

ओसरी :

सातव्या आठवड्याचा कागद काढताना एक सूचना द्यावी : इमारत वीस वर्षांची झाली आहे असे धरून निळी रेघ काढा. पन्हळीत वडाची पाने आहेत.

पागोळी :

हा स्वाध्याय मी माझ्या ऑफिसातल्या नव्या मुलांनाही देणार आहे. एक छोटी भर : निळी रेघ जमिनीला टेकली की थांबू देऊ नका. पाणी जेथे पडते तेथे काय आहे, तेही काढायला लावा. माझ्या एका शाळेच्या कामात पन्हळ बरोबर होती, उतार बरोबर होता, पाइपही बरोबर जागी होता आणि त्याच्या तोंडाखाली मुलांच्या चपलांची मांडणी होती.